मुरुडकर साहेबांच्या निरोपाच्या भेटी

“परक्याच्या घराची चावी आपल्या खिळ्याला लावू नगं, शालन. चावी घेतली की राखन आली, आन् राखनदाराला कुठं जाता येतंय व्हय?”

कोरेगावची गाडी धरण्याआधी सासूबाई, बाळाबाई, उंबऱ्यातच म्हणाल्या होत्या. शालनने ते हसण्यावारी नेलं. “शेजारधर्म आहे, आत्याबाई. तुम्ही नका टेन्शन घेऊ.” राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली ती. समोर साक्षात राजदूत राहायला आलेले आणि त्यांच्या घराची चावी आपल्याकडे, याचं तिला उलट अप्रूपच.

हे यंदाचंच, शहाण्णव सालचं. नेरूळच्या त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. पलीकडच्या दारामागे अब्दुर्रहमान मुरुडकर. चौतीस वर्षं परराष्ट्र खात्यात, त्यातली सतरा राजदूत म्हणून, सहा देशांत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पुतण्या शाहिद त्यांच्याजवळ राहायचा. पावणे एमआयडीसीत त्याचा पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना. सकाळी आठला तो बाहेरून कुलूप घालायचा आणि चावी शालनच्या हातात द्यायचा. “भाभी, चाचा बाहेर पडले की भरकटतात. दुपारी तेवढा डबा आत द्या. तुम्ही काय, घरातच असता ना?”

असायचीच. लेक तेजश्री दहा महिन्यांची, आणि नवरा शिवतेज पहाटेच वाशीला कांदा-बटाटा मार्केटात गेलेला. डबा द्यायला कुलूप काढलं की साहेब इस्त्रीच्या शर्टात उठून उभे राहायचे. तेजश्री त्यांचा चष्मा ओढायची आणि ते सांगत बसायचे. कुठल्याशा राजाला आपल्या नेमणुकीचं पत्र दिल्यावर पाठ न दाखवता सात पावलं मागं मागं कसं चालावं लागलं, आणि तेव्हा मागचा गालिचा कसा पायात आला. “दोन गोष्टी अंगात मुरल्या, शालनबाई. बदलीचा हुकूम आला की का म्हणून विचारायचं नाही. आणि यजमानाची तक्रार करायची नाही.”

एका देशात लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा एकोणीस दिवस त्यांना बंगल्याबाहेर पडू दिलं नव्हतं. “फाटकावर एक शिपाई होता. फार भला पोरगा. रोज सलाम करायचा, माझ्यासाठी ताजा पाव आणायचा.” डबा हातात घेत म्हणाले, “तुम्हीही किती आठवणीने डबा आणता.”

ते मनापासूनच बोलले होते. पण त्या दिवशी कुलूप लावल्यावर शालनने चावी खिळ्याला न लावता पिठाच्या डब्यामागे ठेवली. खरं तर चार महिन्यांत त्यांना भरकटताना तिने पाहिलंच नव्हतं. एका रविवारी शाहिद घरी होता, दाराला कुलूप नव्हतं, तेव्हा ते सारसोळ्याच्या खाडीवर गेले होते खरे. पण कोळ्यांशी गप्पा मारून, कागदात बोंबील बांधून घेऊन, आपल्या पायांनी परत आले होते.

एका मंगळवारी ते बंद गळ्याचा कोट घालून दारातच उभे. “आज दोन तास द्याल मला? बिल्डिंगमधल्या सगळ्यांकडे जाऊन यायचंय. दहा-दहा मिनिटं.”

तिने सोडलं. अकरा घरं झाली. प्रत्येक घरी बसले, चहाची तारीफ केली, आपलं कार्ड दिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दुर्गाबाई जिन्यातच पोट धरून हसत होत्या. “अगं, तुझा राजदूत मला म्हनतो, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे! मी कसलं सहकार्य केलं बाई? पान्यावरून भांडले होते त्याच्या पुतन्याशी!”

शेवटचं घर शालनचं. खुर्चीत टेकल्यावर ते म्हणाले, “आमच्या नोकरीत देश सोडण्याआधी सगळ्यांचा निरोप घ्यायची रीत आहे.”

“कुठे निघालात?”

“शुक्रवारी कर्जतकडे. वृद्धांची संस्था आहे. शाहिदची बायको-मुलं श्रीवर्धनहून येतायत, जागा लागणार. तिथून बाहेर पडायला मात्र परवानगी नसते म्हणे.”

“मग नाही म्हणा ना, साहेब!”

“सवय नाही हो.” ते हसले. मग आवाज खाली आला. “एकच विनंती. गुरुवारी डॉक्टर येतील, माझं डोकं ठिकाणावर आहे का बघायला. तुम्हालाही विचारतील. याला सगळं समजतं, रोज पेपर वाचतो, एवढं सांगाल?”

“सांगेन म्हणजे काय! सांगणारच.”

गुरुवारी डॉक्टर दारात आले तेव्हा तेजश्री कडेवर रडत होती आणि डॉक्टरांच्या खांद्यामागे शाहिद उभा होता.

“कुलूप तुम्हीच लावता?”

“हो.”

“कधीपासून?”

“चार महिने झाले.”

“भाभी नसत्या तर काय झालं असतं!” शाहिद म्हणाला. “आणि परवा तर घरोघर फिरून निरोप घेतला, डॉक्टर. खाली विचारा कुणालाही.”

बोलायचं ते आत्ताच. शब्द शालनच्या ओठांवर आले होते. पण माणूस शहाणा आहे म्हणायचं, तर शहाण्या माणसाला चार महिने कोंडलं कुणी? डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं. तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“पेपर वाचतात,” ती म्हणाली.

“पेपर सगळेच वाचतात,” म्हणत डॉक्टरांनी सही केली.

शुक्रवारी साहेब गाडीपाशी थोडा वेळ थांबले, कुणी दार उघडेल म्हणून. मग स्वतःच उघडलं. बसण्याआधी वर गॅलरीकडे बघून मान लववली. रागाने बघितलं असतं तर शालनला सोसलं असतं.

“अहो, एकदा जाऊन येऊ या ना कर्जतला,” ती शिवतेजच्या मागे लागली.

“वेडी काय तू? उद्या कुणी विचारलं, कुलूप कोण लावत होतं, तर? गप राहा.”

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. बूथवरून फोन केला, तर संस्थेतल्यांनी यायची खूण आणि भेटीची वेळ सांगितली; साहेबांबद्दल मात्र फोनवर फक्त नातेवाइकांशीच बोलतो म्हणाले. एकदा पोरीला घेऊन नेरूळ स्टेशनपर्यंत गेलीही. तिकिटाच्या रांगेत हिंमत सरली, परत आली.

म्हणून तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल तर ऐका. कर्जत स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटं, निळं फाटक. रविवारी दहा ते बारा भेटू देतात. मुरुडकर साहेब म्हणून विचारा. कसे आहात विचारलंत तर ते उत्तम म्हणतील, संस्थेची वाखाणणीही करतील. त्यावर जाऊ नका. अंगाने किती उतरलेत ते बघा. खोलीत पेपर येतो का बघा. आणि तुमच्याशी बोलताना कुणी शेजारी येऊन उभं राहतं का, तेवढं नक्की बघून या.