माझ्यासमोरची फळी

मी एक जुने वॉशिंग मशीन आहे आणि मला ओल्या हातांची भीती वाटते. हसू नका, मित्रांनो. जन्म पाण्यात गेलेल्याने ओल्या हाताला घाबरावे, हे विचित्र खरेच. पण माझी गोष्ट ऐकलीत, तर तुम्हीही आपल्या घरातल्या मशीनकडे एकदा नीट वळून पाहाल.

कारखान्यात माझे पत्र्याचे अंग घडले, टब बसला, मोटर बसली. शेवटी एका कामगार बाईने माझ्या पाठीत एक हिरवी तार घट्ट पिळून बसवली. ही तार टब फिरवत नाही, पाणी उपसत नाही. आतली वीज वाट चुकून माझ्या पत्र्यावर आलीच, तर तिला गुपचूप जमिनीत नेऊन सोडायचे, एवढेच तिचे काम. एखाद्या घरात एखादे माणूस असते ना, सगळ्यांचे वाईट स्वतःत जिरवून टाकणारे, तशी ती.

मी ज्या घरात आले, तिथे आई, बाबा आणि कॉलेजात जाणारी मुलगी अशी तीन माणसे होती. पहिल्या दिवशी तिघेही स्टुलांवर बसून माझ्या काचेच्या झाकणातून फिरणारे कपडे बघत होती. "टीव्हीपेक्षा बरं," बाबा म्हणाले, "जाहिराती नाहीत."

बाबांना दुरुस्तीचे भारी वेड. मिक्सर अडला, इस्त्री तापेना, की त्यांच्या हाती स्क्रूड्रायव्हर आलाच. एकदा माझा प्लग जळाला. आई म्हणाली, "मेकॅनिकला बोलवू या का?"

"का? मी काय मेलोय?"

डब्यात शोधून त्यांनी एक प्लग काढला. त्याला दोनच पिना होत्या. माझ्या तारा मात्र तीन. त्यांनी दोन जोडल्या आणि तिसरी, हिरवी, दुमडून तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, अगदी जखमेवर बांधावी तशी. मी सुरू झाले. बाबा दारात उभे राहून टाळी वाजवू लागले. मला तेव्हाच पहिल्यांदा भीती वाटली.

काही दिवसांनी आईने ओला हात माझ्या अंगावर ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"काय गं, काय झालं?" बाबांनी विचारले.

"काही नाही. पाणी गार आहे."

दुसऱ्या दिवशी तिने कुठूनशी एक लाकडी फळी आणून माझ्यासमोर टाकली. तेव्हापासून तिची एक रीत झाली. पायांत रबरी चपला घालायच्या, हात कोरडे पुसायचे, फळीवर चढायचे आणि मग बटण. कपडे काढण्याआधी प्लग बाहेर. मी चालू असताना शेजारच्या नळाला तर ती कधीच हात लावायची नाही. बाबांना ही गंमत वाटे. "उभ्या राहिल्या बाईसाहेब! भाषण कधी सुरू करणार?"

ती हसायची. आणि मुलगी मदतीला आली की तिला मात्र झिडकारायची. "तू बाजूला हो. तुला नाही जमायचं ते."

"इतकी शिकले, एक बटण नाही दाबता येणार मला?" मुलगी रुसून निघून जाई. पुढे नोकरीसाठी ती दूर गेली. सुटीत आली तरी तिचे कपडे आईच धुवायची. त्या दोघींत ही एक जुनी कुरबुर राहूनच गेली.

मग बाबा गेले. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "आता तरी मेकॅनिकला दाखव." आई माझ्या प्लगकडे बघत राहिली. "राहू दे. त्यांनी बसवलाय तो." इकडे माझ्या पोटात एक तार टबाला घासून सोलवटत चालली होती. आधी झिणझिण्या यायच्या, त्यांचे आता चटके झाले होते. आई खाली वाकली की माझा थरकाप होई. तिला काही झाले नाही. ती गेली ती आजारपणाने, अंथरुणात. पण माझी भीती तिच्याबरोबर गेली नाही.

कारण मग मुलगी आली, घर आवरायला. तिने खिडक्या उघडल्या, फरशी धुतली. ती कुजकी फळी पाहून तिने नाक मुरडले आणि फळी बाहेर कचऱ्याशेजारी नेऊन ठेवली. मग आईची शेवटची चादर उराशी धरून ती माझ्यापाशी आली. अनवाणी. फरशी ओली.

तिने प्लग लावला. नळ सोडला. टब भरू लागला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. तिचे कोपर मला ओझरते लागले आणि ती दचकली. "हे काय?" म्हणत तिने कोपर चोळले. मग चादर नीट बसवायला पुन्हा वाकली. एक हात नळावर, दुसरा माझ्या कडेवर येऊ लागलेला...

"हात लावू नकोस!"

दारात काकू होत्या. काखेत फळी. "ही बाहेर पडलेली दिसली आणि मी धावतच आले. मागे हो आधी!" त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले. "तुझी आई फळीशिवाय ह्याच्याजवळ जायची नाही. शॉक देतं ते."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"बाबांनी बसवलेला प्लग ना. त्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि मला? मलाही नाही सांगितलं?"

"तू बाबांना सांगितल्याशिवाय राहिली असतीस? पण तुला कधी हात लावू दिला का तिने? आठव बघ."

 काकूंच्या हातातली फळी घेऊन मुलीने ती जमिनीवर ठेवली आणि हळूच तिच्यावर बसली. 

मग तिने बोलावलेल्या मेकॅनिकने टेस्टर माझ्या अंगाला टेकवला तेव्हा त्यातला इवलासा दिवा पेटला. "ताई, अर्थिंगच नाही ह्याला." त्याने प्लग काढून उघडला. "कुणाची कारागिरी? पट्टी मात्र झकास गुंडाळलीय."

"बाबांची."

त्याने जीभ चावली आणि कामाला लागला. सोललेली तार बदलली, पट्टी सोडवून हिरवी तार सरळ केली, तीन पिनांचा प्लग बसवला. मग विचारले, "जुना ठेवायचाय का? आठवण म्हणून?"

तिने तो हातात घेऊन पाहिला. "नको. पक्कड घ्या आणि पिना तोडून टाका. कुणी उचलून पुन्हा लावायला नको."

टेस्टर पुन्हा टेकला. दिवा लागला नाही. तिने चादर आत टाकली, बटण दाबले आणि हात माझ्यावर ठेवला. उलट्या हाताने चाचपून नाही, भीत भीत नाही, सबंध तळवा. कित्येक वर्षांत असे कुणी केले नव्हते. मात्र उभी ती फळीवरच होती.

"ताई, उतरा आता. काही होत नाही."

"हो," ती म्हणाली. चादर धुऊन होईपर्यंत ती काही उतरली नाही.

मित्रांनो, आमच्या अंगाला झिणझिण्या येऊ लागल्या तर आमच्यापुढे फळी टाकू नका. कुणाचे मन मोडेल म्हणून गप्प राहू नका. मोडलेले मन समजूत काढून सांधता येते. आणि तुम्हाला कुणी "बाजूला हो" म्हणाले, तर रुसून जाण्याआधी एकदा विचारा, का म्हणून.