माळवदावरचं पाणी

पुंजारामनं काठीनं भिंतीला ढोसलं, तशी चांगुणाच्या कपाळावरची शीर उठली. म्हणे घर घ्यायला आलाय! सकाळपासून हा बाबा शेवगावातल्या तिच्या घराची झडती घेत होता. चौकट ठोकली, तुळईला नख लावून वाळवी शोधली, चुलीमागं वाकून पाहिलं. बाजारात बैलाचे दातसुद्धा कुणी इतके तपासत नाही.

"झालं का समाधान?" चांगुणानं विचारलं.

"माळवद राह्यलं. गळतं का?"

"न्हाई."

"तुमी तसंच म्हननार. पावसाचा पत्ता न्हाई, मग कुनाचं गळतंय हे कळावं कसं? म्हनून पानी आनलंय मी. वर ओततो, मग इसाराचे पैसे देतो."

चांगुणानं बाहेर डोकावलं. दाराशी खरंच बैलगाडी होती, अन् गाडीत भलंमोठं पिंप. हा गोदावरीकाठचा माणूस, विहिरीला अजून पाणी असलेला. त्याला कसली फिकीर?

आणि घरावरचं मातीचं माळवद तर गळत होतं. पाऊस असायचा तेव्हा कोपऱ्यात घमेलं ठेवावं लागायचं. मेल्या दुष्काळानं सगळ्यांचं वाटोळं केलं, पण तिची ही एक गोष्ट झाकली होती. तिच्या लेकानं, बन्सीनं, कोपरगावकडं कॅनॉलकाठी घराच्या भिंती उभ्या केल्या होत्या. हे घर विकलं तर त्या भिंतींवर पत्रे चढणार, अन् ती लेकाजवळ जाणार. नाहीतर बसा इथंच, टँकरची वाट बघत.

ती दारात गेली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली, "बघा गं बायांनो, पाव्हनं प्यायचं पानी मातीला पाजाया निघालेत."

बस्स. त्या आठवड्यात टँकर फिरकलाच नव्हता. हंडे, कळशा, घागरी घेऊन बाया धावल्या. पुंजाराम आडवा गेला, तर एकीनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. "लाज वाटत न्हाई व्हय?" बघता बघता पिंप रिकामं झालं.

"डाव हाय हा," पुंजाराम संतापून म्हणाला. "माळवद गळत असनार."

तेवढ्यात भरला हंडा घेतलेली एक बाई चांगुणाच्या उंबऱ्याकडं बघून पचकन थुंकली. ती कडूबाई, भिंतीला भिंत लागून राहणारी. एके काळी दोघींचं गूळपीठ होतं, ते घमेलं कडूबाईनंही उचलून ओतलं होतं. पुढं सांडपाण्यावरून भांडल्या त्या भांडल्याच.

पुंजारामनं ते थुंकणं पाहिलं. "बाई, तुमी हिच्या भिडंला पडनार न्हाई. खरं सांगा, माळवद गळतं का?"

चांगुणानं डोळे मिटले. संपलं सगळं.

"न्हाई गळत," कडूबाई म्हणाली. "देवाशपथ."

वैरीणच सांगते म्हटल्यावर पुंजाराम निवला. त्यानं इसार दिला अन् गाडी हाकली.

चांगुणाला भरून आलं. कितीतरी वर्षांनी ती कडूबाईच्या ओट्याशी गेली. "लई उपकार केलेस बाई. मागलं विसरलीस."

"कशाचे उपकार?" कडूबाई म्हणाली. "रोज उठून तुझं थोबाड बघावं लागतं मला. त्यापाई देवाची खोटी शपथ घेतली. आता लौकर नीघ."

तिनं आत जाऊन कडी घातली. चांगुणा हातात इसार घेऊन ओट्याखाली उभी राहिली.