सव्वादोनचं माप

गुलाबच्या थोरल्या पुतणीचं लग्न झालं त्या साली, म्हणजे १९८८ ला, आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी तो यावलहून दोंडाईच्याला सासुरवाडीला गेला. त्याच्या बाहेरख्यालीपणाला कंटाळून झुंबरबाई माहेरी येऊन राहिली होती. तो नाद सुटून आता तीन वर्षं झाली होती. तिला परत न्यायचं म्हणून त्याने डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या.

सासू आक्काबाई दारातच म्हणाली, "बठ्ठी गावं फिरी उनात का, जावाईबापू?"

सगळी गावं फिरून आलात का, या टोमण्यावर गुलाबने पिशवीतून बांगड्या काढून झुंबरबाईपुढे धरल्या. तिने मात्र हात पुढे केला, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. पण बांगडी अंगठ्याच्या हाडाशीच अडली. कासाराने माप विचारल्यावर त्याच्या तोंडून पटकन सव्वादोन निघालं होतं. झुंबरबाईचे हात तर पहिल्यापासून रुंद.

"हाई माप कोना हातनं शे?" तिने हळूच विचारलं.

हे माप कोणाच्या हाताचं, ते गुलाबला आठवेना. त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. तिने बांगड्या कागदात गुंडाळून त्याच्या पिशवीत ठेवल्या, आणि तो दुपारच्या गाडीने एकटाच परतला.

झुंबरबाई १९९४ च्या पौषात दोंडाईच्याला माहेरीच वारली.