शकूच्या वाट्याचा डबा

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा आहे. तीन कप्प्यांचा, जागोजागी पोचे पडलेला. मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. मी कारखाना पाहिलेला डबा आहे!

चिखलीच्या ठकुबाईंनी मला पिंपरीच्या बाजारातून आणलं, कारण त्यांचा मुलगा जयसिंग कंपनीत लागला होता. कंपनीत कँटीन होतं, पण "कँटीनचं अंगी लागत न्हाई," असं ठकुबाईंचं म्हणणं. मग काय, घरातलं सगळं चांगलंचुंगलं माझ्या पोटात! मटकीची उसळ, मेथीची भाजी, उकडलेलं अंडं. सायकलच्या हँडलला लटकून मी मोठ्या ऐटीत जायचो.

पुढे जयसिंगची बायको शकू पोटुशी राहिली. तिच्या ताटात मात्र अर्धी भाकरी आणि पातळ आमटी पडू लागली. ठकुबाई दुष्ट नव्हत्या हो! त्यांची लेक कस्तुरा पहिल्या बाळंतपणात गेली होती. पोटुशीने पोटभर खाल्लं की मूल मोठं होतं आणि अडतं, असं गावात म्हणायचे. ठकुबाईंनी त्याची धास्तीच घेतली होती.

एकदा विहिरीवर शकूला घेरी आली. दवाखान्यातल्या नर्स सोजरबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि जयसिंगला बजावलं, "हिच्या अंगात रक्त नाही. डाळी, पालेभाजी, अंडी, गूळ-शेंगदाणे पोटात जाऊ द्या. नाही तर आई आणि बाळ, दोघांचं कठीण आहे."

जयसिंगने आईला सांगून पाहिलं. पण कस्तुराचं नाव निघताच ती रडू लागली. शेवटी त्याने माझा आसरा घेतला. स्वतः कँटीनमध्ये जेवायचा आणि मला भरलेलाच घरी आणायचा. शकू मला घासायच्या निमित्ताने परसात न्यायची आणि गोठ्याआड बसून भराभरा खायची. आपल्याच घरात चोरून खाताना तिचे डोळे भरून यायचे. मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी ठकुबाई शेणाची पाटी घेऊन तिथेच आल्या. शकूच्या हातात अंडं होतं.

"शके! जीव द्यायचाय व्हय तुला? माझी कस्तुरा गेली, ते कमी झालं का?"

शकूने अंडं काही खाली ठेवलं नाही. "आत्याबाई, वन्सं बाळंतपणाला हितंच व्हत्या ना? त्यास्नी पोटभर जेवायला मिळत व्हतं का?"

"न्हाई गं. मीच अर्धी भाकर वाढायची. भूक लागली म्हनायची लेकरू, तरी मी..."

अर्धपोटी राहूनही कस्तुरा वाचली नव्हती. ठकुबाई मटकन खाली बसल्या. पदराने डोळे पुसून त्यांनी माझा खालचा कप्पा काढला आणि उसळ शकूपुढे सरकवली.

"खा, पोरी. आजपास्नं समद्यांच्या आधी तू खा."

शकूला मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. आता ठकुबाई वाटेत भेटेल त्या पोटुशीला विचारतात, "जेवलीस का गं?" ती "व्हय" म्हणाली, तरी घरात शिरून तिचं ताट बघून येतात.

जयसिंग आता कँटीनमध्येच जेवतो, म्हणून मी मात्र फळीवर धूळ खात पडलो आहे. त्याचं मला काही नाही. मित्रांनो, माझी विनवणी वेगळीच आहे. तुमच्या घरात काकी, वहिनी किंवा ताई पोटुशी असेल, तर तिला उरलंसुरलं वाढू नका. आणि ती भूक लागली म्हणाली, तर बाकी कुणाचंही न ऐकता तिचं ऐका.