दोन खुणांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. स्वयंपाकघरातले, चार पायांचे, एका खणाचे. सिंगापूरच्या बेडोक भागात, सातव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये मी खिडकीला लागून उभे आहे. माझे वय चाळिशीच्या पुढे गेले आहे आणि ते लपवावे असे मला कधी वाटले नाही. बोलता बोलता थोडी बढाई मारली तर रागावू नका. आयुष्यभर दुसऱ्यांची ताटे डोक्यावर घेतली आहेत, तेवढा हक्क मला आहे.

माझा जन्म एका चिनी सुताराच्या हातून झाला. लाकूड अस्सल सागवान. अंगात एकही खिळा नाही. खाचेत लाकूड बसवून त्याने माझे पाय जोडले. काम संपल्यावर तो स्वतः माझ्यावर चढला आणि त्याने दोन उड्या मारल्या. मी हूं की चूं केले नाही. तेव्हा कुठे त्याने मान डोलावली. पुढे माझे पुष्कळ कौतुक झाले, पण त्या मान डोलावण्याची सर कशालाच आली नाही.

तिथून मी लिम आंटींच्या घरी आले. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. त्यांच्या घरात मला उसंत म्हणून मिळाली नाही. सकाळी भाजी चिरायची, दुपारी तीन मुलांचा अभ्यास, आणि चिनी नववर्ष जवळ आले की पंधरा दिवस अननसाच्या टार्टसाठी पीठ लाटायचे. एकदा घाईघाईत आंटींनी चुलीवरचे मातीचे भांडे तसेच माझ्यावर टेकवले आणि माझ्या अंगावर एक गोल तपकिरी डाग उमटला. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. पण आंटींनी त्या डागावर हात फिरवला आणि पुढे कायम गरम भांडे ठेवायला तीच जागा ठरवून टाकली. डागाचीही अशी सोय लावणारी बाई विरळाच.

पुढे मुले मोठी झाली, आपापल्या घरी गेली. २०१३ साली आंटींनी शेजारच्या इमारतीत लहानसा फ्लॅट घेतला. तिथल्या स्वयंपाकघरात मी मावत नव्हते. समोरच्या दारी तेव्हा नुकतेच एक मराठी कुटुंब भाड्याने राहायला आले होते. धम्मानंद तांजोंग पगार भागातल्या एका ऑफिसात इंजिनियर, त्याची बायको दीप्ती प्रयोगशाळेत संशोधक, आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी यशोधरा, म्हणजे यशू. आंटींनी दीप्तीला बोलावून माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "यू टेक, लाह. गुड वुड." इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेपटीला असा आपुलकीचा 'लाह' लागतोच.

दीप्ती कितीतरी वेळ माझ्याजवळ उभी होती. नागपुरात तिचे सगळे शिक्षण खाटेवर बसून, मांडीवर उशी आणि उशीवर वही ठेवून झाले होते. ती धम्मानंदला म्हणाली, "माझ्या मुलीला अभ्यासाला टेबल मिळालं." मित्रांनो, हे ऐकून माझे चारही पाय ताठ झाले.

आता खरी गोष्ट सुरू होते. त्याच वर्षी धम्मानंदची आई, बेबीआजी, नागपूरहून आल्या. त्या घरात वस्तू जपायची एक रीत होती. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, बॅगेला खोळ, सोफ्यावर चादर आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर दुसरी चादर. बेबीआजींनी माझ्यासाठी सीताबर्डीच्या बाजारातून जाड पारदर्शक प्लास्टिक आणले होते. त्यांनी ते मापून कापले, माझ्या कडांवरून दुमडले आणि खालून पट्टीने घट्ट चिकटवले. मला वाटले, माझा सत्कारच चालला आहे. मी फुगून गेले.

फुगले ते खरेच, पण नंतर. सिंगापूरची हवा बारा महिने दमट. सांडलेले पाणी कडेने आत शिरायचे आणि बाहेर यायला त्याला वाट नसायची. शिवाय प्लास्टिक आले तसे टेबल खराब होईल ही धास्तीही आली. कढईपासून मला दूर ठेवले गेले. मंडळी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जेवू लागली आणि यशू पलंगावर पालथी पडून अभ्यास करू लागली. जे दीप्तीच्या नशिबी होते, तेच पुन्हा. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण झाकलेल्या लाकडाचे तसे नसते. पाहुणे माझी चकाकी पाहून वाहवा करत आणि मी आतून सडत होते. तीन वर्षे असे चालले.

२०१६ ची बुद्धपौर्णिमा जवळ आली. इथे त्या दिवसाला वेसाक डे म्हणतात आणि सगळ्यांना सुट्टी असते. दीप्तीने त्या दिवशी लिम आंटींना जेवायला बोलावले होते. बेबीआजीही पुन्हा आल्या होत्या. पौर्णिमा सहा दिवसांवर असताना आजी माझ्याजवळून जाता जाता थबकल्या.

"हा कुबट वास कशाचा येते?"

त्यांनी खाली वाकून पट्टी सोडवली आणि प्लास्टिक उचलले. माझ्या अंगावर हिरवट बुरशी होती. जुने पॉलिश चिकट होऊन प्लास्टिकबरोबर सोलून आले. एका कोपऱ्यात तर लाकूड काळेठिक्कर पडले होते. दीप्तीने तोंडावर हात ठेवला.

"आंटींना काय तोंड दाखवू मी? चाळीस वर्षं त्यांनी वापरलं, आणि आपण तीन वर्षांत हे केलं."

धम्मानंद माणूस चांगला, पण त्याला नवे दिसले की जुने दिसेनासे होते. तो म्हणाला, "उद्या मोठं सामान न्यायला माणसं येतात, त्यांना सांगतो. काचेचं एक टेबल पाहून ठेवलंय मी. आंटींना काय, सांगू की पाय मोडला म्हणून."

मी ऐकत होते. पाय मोडला! ज्या पायांवर सुतार नाचला, ते पाय! पण टेबलाला बोलता येत नाही. उद्या लिफ्टने खाली जायचे आणि मग कुठे, हे मला ठाऊक होते.

"काहून फेकता?" बेबीआजी म्हणाल्या. "पाय मोडला नाही. प्लास्टिक म्या लावलं, चूक माही आहे. मले हे सहा दिवस दे."

"आई, तुझं वय काय, गुडघे काय."

"माहा बाप रेल्वेच्या कारखान्यात सुतार होता, धम्मा. त्याचा डबा घेऊन जायची मी. रंधा नाही चालवता येत, पण घासणं त्यानंच शिकवलं मले."

धम्मानंदने सामान नेणाऱ्यांना फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी आजी यशूला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. फार खर्च करायचा नाही हे त्यांनी आधीच ठरवले होते. जाड आणि बारीक पॉलिशपेपर, आणि लाकडाला लावायचे कसले तरी तेल, एवढेच घ्यायचे. आजी मराठीत सांगत आणि यशू दुकानदार अंकलना इंग्रजीत. अंकलनी तेलाचा एक डबा काढून दिला. आजींनी झाकण उघडून वास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अवं, हे तर जवसाचं तेल! बैलगाडीच्या चाकाले लावत होते आमच्याकडे." सातासमुद्रापलीकडे त्यांना ओळखीचे कुणी भेटले होते. अंकलनी यशूला बजावले की तेलाचे फडके बोळा करून टाकू नका, आग लागते, पसरून वाळवा. यशूने ते आजींना तीनदा सांगितले.

मग माझी सेवा सुरू झाली. व्हिनेगरने बुरशी पुसली. दोन दिवस मला बाहेरच्या व्हरांड्यात उन्हाच्या तिरिपेला ठेवले. आजी स्टुलावर बसून घासत, दमल्या की दीप्ती घासे आणि संध्याकाळी ऑफिसातून आलेला धम्मानंद बाह्या सरसावून बसे. सुरुवातीला तो आडवे घासू लागला तेव्हा आजींनी त्याच्या हातावर चापट मारली. "रेषेच्या बाजूनं घास. लाकडाले आडवं गेलं की ते रुसते." अगदी खरे आहे. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना ते प्लास्टिक माफ केले.

अडकलेल्या खणाच्या कडांवर यशूने बुद्धवंदनेच्या मेणबत्तीचा उरलेला तुकडा घासला आणि खण सरसर सरकू लागला. डुगडुगणाऱ्या पायाखाली जुन्या चपलेच्या रबराची चकती बसली. आजींच्या जुन्या सुती पातळाच्या फडक्याने तेलाचा हात फिरला, अगदी पातळ, दोनदा. प्रत्येक हातानंतर दीड दिवस पंखा लावून वाळवले. आणि माझ्या आतला तो जुना सोनेरी तपकिरी रंग वर आला. मला माझाच विसर पडला होता, मित्रांनो.

फक्त कोपऱ्यातला काळा डाग गेला नाही. तो आंटींच्या गोल खुणेच्या शेजारीच होता. दीप्ती त्याच्यावर पुन्हा पॉलिशपेपर घेऊन बसली तेव्हा आजींनी तिचा हात धरला. "आता घासशील तर खड्डा पडंल. राहू दे."

पौर्णिमेच्या सकाळी घरात वंदना झाली. माझ्यावर खीर, पुऱ्या, भाजी मांडली गेली. दीप्तीने हळूच खिरीचे पातेले उचलून नेमके काळ्या डागावर ठेवले. मला तिचे वाईट वाटले.

लिम आंटी आल्या. आता त्या काठी घेऊन चालत. खुर्ची कुणी दाखवायच्या आत त्या आपल्या जुन्या जागी, खुणेसमोर बसल्या आणि त्यांची बोटे आपोआप त्या गोल डागावर गेली. मग यशूला खीर वाढावी म्हणून त्यांनी पातेले जवळ ओढले. खालचा काळा डाग उघडा पडला.

धम्मानंदने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग दीप्तीनेच सगळे सांगितले. प्लास्टिकचे, बुरशीचे, फेकायला निघाल्याचेसुद्धा. पाय मोडल्याच्या थापेचे मात्र कुणी बोलले नाही. सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

आंटींनी काळ्या डागावर तळहात ठेवला, मग गोल खुणेवर.

"धिस वन माइन," त्या म्हणाल्या. "दॅट वन युवर्स. नाऊ इट्स युवर टेबल, लाह."

"काय म्हणते?" बेबीआजींनी विचारले.

"ही खूण त्यांची, ती आपली," यशू म्हणाली. "आता टेबल आपलं झालं, असं म्हणतात."

बेबीआजींनी आपल्या वाटीतली खीर आंटींच्या वाटीत वाढली. वाढताना चमचाभर माझ्यावर सांडली. दीप्ती फडक्यासाठी धावणार, तोच आजींनी हाताने ती पुसली. "पुसलं की झालं," त्या म्हणाल्या. मित्रांनो, त्या सुताराने मान डोलावली होती ना, त्यानंतर इतका अभिमान मला पहिल्यांदाच वाटला.

त्या प्लास्टिकचे पुढे चपलांच्या कपाटात अस्तर झाले. काचेच्या टेबलाचे नाव धम्मानंदने पुन्हा काढले नाही. रविवारी तो माझ्यावरच पोहे खात लॅपटॉप उघडून बसतो. तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी जुने असेल तर त्याला जपा, पण गुंडाळून ठेवू नका. त्याच्यावर जेवा, लिहा, सांडा आणि सांडलेले वेळच्या वेळी पुसा. आम्हाला कामाची झीज चालते, ती आम्ही मिरवतो.

रोज संध्याकाळी यशू माझ्यावर वह्या पसरते. तिची मैत्रीण आली की हमखास विचारते, हा काळा डाग कसला. यशू मान वर न करता लिहिता लिहिता सांगते, "दॅट वन अवर्स, लाह."