वाचवलेली वीस मीटर तार

"काका, मशीन इथेच गरम दाखवते," नेहा म्हणाली.

"दाखवून राहिली ना बेटा, पण आहे कुठे?" वीजखात्यातले जुने कर्मचारी रत्नाकरराव खड्ड्यातून ओरडले. "माती थंड, केबल थंड. आता काय पाताळात जाऊ?"

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, 'बडा फुहारा' चौकातल्या कापडबाजारातला सकाळपासूनचा हा दुसरा खड्डा. पहिला चुकला म्हणून थोडं पुढे हा खणला. जमिनीखालच्या विजेच्या केबलला लागून काचेची बारीक तार टाकलेली होती. तिच्यात प्रकाश सोडला की मशीन मीटरामीटरावरचं तापमान सांगे. कुठेतरी केबलचा एक जोड तापत होता. तो जळाला तर ऐन लग्नसराईत बाजार अंधारात. आणि आज सापडला नाही तर वीजखात्याचे शैलेंद्रसाहेब मशीन ते पुरवणाऱ्या कंपनीला परत धाडणार होते. नेहाची नोकरी मशीनसोबत आलेली, जायचीही तशीच.

"मॅडम, पॅक करो," साहेब म्हणाले. "इससे तो अपना हाथ अच्छा."

नेहाचे डोळे भरले. अडखळत तिने विचारलं, "काका, तुम्ही तार टाकली, तेव्हा... कुठे ज्यादा तर नाही ना राहिली?"

रत्नाकरराव खुलले. त्यांच्या घरी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर किराणा लिहितात आणि सुतळीच्या तुकड्यांना गाठी मारून गुंडा करतात. असला प्रश्न कुणी विचारला की त्यांना पदक मिळाल्यासारखं होई.

"काहून नाही! वीस मीटर वाचवली ना मी. ठेकेदार म्हणे, कापा. म्हटलं, एवढा महागाचा माल कापता काय? मागच्या चेंबरमध्ये मस्त गुंडाळून ठेवली. लागेल कधी."

नेहाने मशीनवरचा आकडा पुन्हा पाहिला. "काका, प्रकाश त्या गुंडाळीतूनही फिरून येतो," ती हळूच म्हणाली. "मशीन तेही मोजते. म्हणजे गरम जागा वीस मीटर अलीकडे."

रत्नाकररावांनी दोन्ही खड्ड्यांकडे पाहिलं.

"वाह, रत्नाकरजी!" साहेब हसले. "क्या बचत की है!" मजूरही हसले.

रत्नाकरराव मजुराचा हात धरून खड्ड्यातून वर आले. टेपचं टोक धरून वीस मीटर मागे गेले. तिथे साड्यांचं दुकान.

"अब यहाँ? ग्राहक उड़कर आएँगे क्या?" दुकानदार कडाडला.

त्यांनी मजुराच्या हातातली कुदळ घेतली. "सरक." स्वतःच खणू लागले. धापा टाकत कमरेइतके आत गेले. शेवटची माती हातांनी उपसली, तळवा टेकवला.

"आहे. गरम आहे."

वर नेहा मशीनवर वाकली. साहेब फोनवर सांगू लागले, "हाँ सर, पकड़ लिया मैंने."

रत्नाकरराव हात तसाच ठेवून बसले. वर चढायला कुणाला हाक मारावी, हे त्यांना ठरवता येईना.