भिंतीकडे तोंड

मी माशांच्या टाकीशेजारची बाटली बोलतेय. खरं तर मी बोलायला नको. या घरातल्या दोघांनी मला ‘सांगू नकोस’ म्हणून बजावलंय, आणि दोघांनाही वाटतं, आपलं गुपित आपल्या एकट्याचंच.

माझा जन्म कारखान्यातला. अंगावर पांढरं, आरपार न दिसणारं प्लास्टिक आणि पोटात प्रवाळांचं टॉनिक. खाऱ्या पाण्याच्या टाकीत ते आठवड्याला एकच टोपण टाकायचं. जास्त झालं की प्रवाळाऐवजी शेवाळ पोसतं. दुकानदाराने हे दोनदा सांगितलं होतं.

टाकी चिंगीची. ती नववीत आहे आणि माणसांशी जेमतेम बोलते. टाकीसमोर बसली की मात्र दोन नारंगी माशांशी आणि दगडावरच्या मुठीएवढ्या प्रवाळाशी तिच्या गप्पा चालतात.

टोपण टाकायचं काम बाबांचं. पण बाबा म्हणजे कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस. म्हणून त्यांनीच एक खूण ठरवली. टोपण टाकलं की माझ्यावरचं माशाचं चित्र भिंतीकडे फिरवायचं. रविवारी ते पुन्हा पुढे आणायचं.

घरात आत्याही आहे. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, “तुमच्या त्या डबक्यात मी पडणार नाही.” त्यामुळे खुणेचं तिला कुणी सांगितलंच नाही. रोज सकाळी ती फडकं घेऊन येते. वाकडी वस्तू तिला खपत नाही.

“पाठ फिरवून कसली उभी राहतेस गं?” असं म्हणते आणि मला सरळ करते.

सोमवारी बाबा टोपण टाकतात. मंगळवारी चिंगी शाळेतून येऊन बघते, तर चित्र पुढेच. ती हळूच एक टोपण ओतते, मला भिंतीकडे वळवते आणि पुटपुटते, “सांगू नकोस हं. विसरलो म्हणून वाईट वाटेल त्यांना.”

बुधवारी आत्याचं फडकं आलेलं असतंच. संध्याकाळी बाबा मला बघून थबकतात. “टाकलं होतं ना मी? की ते मागच्या आठवड्यात?” स्वतःच्या डोक्यावर त्यांचा विश्वास नाही, खुणेवर आहे. आणखी एक टोपण जातं. “चिंगीला सांगू नकोस, हसेल मला.”

आधी वाळूवर तपकिरी भुकटी पसरली. मग दगडांना हिरवे केस फुटले. चिंगी टाकी साफ करायच्या चुंबकाने काच घासून घासून थकते, तरी दुसऱ्या दिवशी काच हिरवीच. शेवाळ प्रवाळाच्या कडेपर्यंत आलंय. प्रवाळाने आपली तोंडं मिटून घेतली आहेत.

तेव्हापासून या घरात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघतो. बाबांना वाटतं, चिंगी माशांना चोरून जास्त खाऊ घालते. चिंगीला वाटतं, बाबा रात्री टाकीचा दिवा बंद करायला विसरतात.

“तो दुकानदारच लबाड आहे,” आत्या म्हणते. “या बाटलीतच शेवाळाचं बी कालवलं असेल.” आणि माझ्याकडे बघून नाक मुरडते. मला रोज सरळ करते कोण, ते मला विचारा.

तोंडावर विचारायची मात्र कुणाची तयारी नाही. एकमेकांना जपतात आणि मनात संशय धरतात.

काल जेवताना बाबा म्हणाले, “रविवारपर्यंत पाणी निवळलं नाही, तर टाकी परत देऊ. जीव गुदमरवण्यापेक्षा ते बरं.” चिंगी ताटातला भात नुसता चिवडत राहिली.

आज शनिवार. बाबा टाकीसमोर उकिडवे बसलेत. “प्रवाळ अशक्त झालंय,” ते म्हणतात. “टॉनिक वाढवून बघू. दोन टोपणं टाकू आज.”

नका हो. ज्याने ते मरतंय तेच आणखी द्यायला निघालात. खूण बघता, पण मला उचलून कधी बघितलंत? सहा महिने पुरणारी मी, दोन महिन्यांत तळाला आले. तिघांनी नुसतं एकमेकांना विचारलं असतंत, “बाटलीला तू हात लावतोस का?”

चिंगी आली. तिची बोटं माझ्याभोवती आवळली, आणि उचलता उचलता थांबली. ती मला कानाशी नेऊन हलवतेय. चिंगे, ऐक नीट, पोटात काही उरलेलं नाही. आता मागे बघ, आत्या फडकं घेऊन उभी आहे, तिला विचार की रोज सकाळी मला—

“चिंगे, देतेस ना ती बाटली?” बाबा हात पुढे करतात.